पर्जन्यमापकाआधीचा पाऊस

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी जिते सोडते आणि पुढचे स्टेशन येते हमरापूरचे. पेण तालुक्यातले हे गाव आणि शेजारचे जोहे ही नावे गणपतीच्या कारखान्यांमुळे महाराष्ट्रभर माहीत झाली आहेत. या कारखान्यांत लागणारी शाडूची माती बहुतेक गुजरातेतून येते. जवळच धरमतर खाडीच्या फाट्यांमध्ये चिखलाला तोटा नसतो, पण मूर्तिकाराच्या लेखी तो कुचकामाचा. त्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तिवरांची कुजलेली पाने-मुळे असतात, मधूनच बारीक वाळूचा पदर असतो, आणि मीठ तर असतेच. कारागीर ज्या कारणांसाठी हा चिखल नाकारतो, नेमक्या त्याच कारणांसाठी जुन्या हवामानाचा अभ्यासक त्याच्या मागे लागतो. शिंपल्यावरून पाण्याचा खारेपणा काढता येतो, पानांवरून काळ ठरवता येतो, वाळूच्या पदरावरून एखादा मोठा पूर ओळखता येतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या परागकणांवरून त्या वेळी काठावर कोणती झाडे होती तेही कळते.

हे पुस्तक अशा पुराव्यांविषयी आहे. पाऊस मोजण्याचे भांडे अंगणात येण्यापूर्वी पाऊस किती पडत होता, हे कसे शोधतात, त्या शोधावर किती विश्वास ठेवायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हा त्याचा विषय. विषय जगभराचा असला तरी उदाहरणे शक्य तितकी आपल्या मुलखातली घेतली आहेत. या क्षेत्रातले काही महत्त्वाचे काम पुणे, पनवेल, गोवा आणि लोणार इथे झाले आहे, आणि मराठी वाचकाला त्याची फारशी खबर नाही.

आधी उपकरणांची गोष्ट. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची, आणि तिथल्या हवामानाच्या नियमित नोंदी १८४० च्या दशकात सुरू झाल्या. अपोलो बंदरावर भरती-ओहोटी मोजणारे यंत्र १८७८ पासून आहे. हिंदी महासागरात इतकी लांब नोंद क्वचितच कुठे सापडते. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. म्हणजे देशभरच्या पावसाचे पद्धतशीर आकडे आपल्याकडे दीडशे वर्षांचे आहेत. हे थोडे नाही, पण हवामानशास्त्रात एखाद्या प्रदेशाचे ‘सरासरी हवामान’ काढायला ३० वर्षांचा काळ धरण्याची रीत आहे. त्या हिशोबाने दीडशे वर्षांत जेमतेम पाच सरासऱ्या बसतात. मान्सून तीस-चाळीस वर्षे सतत रोडावलेला राहू शकतो का, असे पूर्वी कधी झाले आहे का, पुढे होऊ शकते का, या प्रश्नांना पाच सरासऱ्या पुरत नाहीत. धरणे बांधताना, पिके ठरवताना, खाडीकाठचे बांध किती उंच घालायचे ते ठरवताना मात्र हेच प्रश्न कळीचे असतात.

मग वळावे लागते ते झाडांकडे, गुहांकडे, तळ्यांकडे आणि समुद्राच्या तळाकडे. या सगळ्यांना निसर्गाची दप्तरे म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती थोडी फसवी आहे. दप्तर कोणीतरी जाणून लिहिलेले असते. झाड पावसाची नोंद ठेवत नाही. ते आपले वाढत असते. तळ्याच्या तळाशी मिठाचा खडा जमतो तो दुष्काळ कळवण्यासाठी जमत नाही. आपण वाचतो ती एखाद्या प्रक्रियेची उरलेली खूण, आणि त्या खुणेत पाऊस असतो तसे इतरही बरेच काही मिसळलेले असते. म्हणून या शास्त्रात साक्षीदार काय सांगतो यापेक्षा तो कशामुळे तसे सांगतो हे समजणे अधिक मोलाचे. पुस्तकातले प्रत्येक प्रकरण या एका मुद्द्याभोवती फिरते.

पहिला साक्षीदार कोकणातलाच आहे: साग. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक झाडांच्या खोडात वर्षाची म्हणून भरवशाची वर्तुळे दिसत नाहीत, कारण त्यांची वाढ कधी पुरती थांबतच नाही. सागाचे तसे नाही. कोरड्या महिन्यांत तो पाने टाकतो आणि वाढ थांबवतो. पावसाच्या तोंडावर पुन्हा वाढू लागतो तेव्हा आधी मोठ्या छिद्रांचे लाकूड तयार होते. ही छिद्रांची ओळ घासून गुळगुळीत केलेल्या तुकड्यावर नुसत्या डोळ्यांनीही दिसते. ती दिसली की वर्ष सुरू झाले असे समजायचे. संशोधक जिवंत झाडाला पोकळ गिरमिटाने भोक पाडतात, पेन्सिलीपेक्षाही बारीक अशी लाकडाची कांडी बाहेर काढतात, ती खाचेत चिकटवून काचकागदाने घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वर्तुळाची रुंदी मोजतात.

ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मोजणी हा कामाचा लहान भाग असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस दीर्घकाळ दडी मारून परत आला, तर एकाच वर्षात दोन वर्तुळांसारखे काहीतरी तयार होते. फारच वाईट वर्षी खोडाच्या एका अंगाला वर्तुळ उमटतच नाही. म्हणून एका झाडावर कोणी विसंबत नाही. एकाच जंगलातल्या अनेक झाडांच्या रुंद-अरुंद वर्तुळांचे क्रम एकमेकांशी जुळवून पाहतात, आणि सर्वांत जुळले तेच वर्ष पक्के धरतात. शिवाय तरुण झाडाची वर्तुळे रुंद आणि म्हाताऱ्याची अरुंद असतात. हा वयाचा परिणाम गणिताने काढून टाकावा लागतो. तो काढताना शंभर-दोनशे वर्षांत सावकाश झालेला हवामानाचा बदलही त्याच्याबरोबर पुसला जाऊ शकतो. झाड एकेका वर्षाबद्दल चांगले बोलते, शतकांबद्दल दबकत.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी ठाणे परिसरातल्या सागाच्या वर्तुळांचा आणि तिथल्या हवामानाचा संबंध तपासून १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९८९ मध्ये आर. रमेश, एस. के. भट्टाचार्य आणि पंत यांनी ठाण्याच्याच सागातल्या सेल्युलोजमधील हायड्रोजनच्या समस्थानिकांवर ‘नेचर’मध्ये लेख लिहिला. झाडाने प्यायलेल्या पाण्याची जातकुळी लाकडात उतरते आणि तीही वाचता येते, हे त्या कामाचे सार. बोरगावकर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केरळातल्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग मालिका उभी केली. तिच्यातल्या अरुंद वर्तुळांची वर्षे अनेकदा एल निनोच्या आणि तुटीच्या मान्सूनच्या वर्षांशी जुळतात. प्रशांत महासागर तापला की आपल्याकडे पाऊस रुसतो, ही गोष्ट गेल्या शतकातली नवलाई नव्हे, याची लाकडी खूण आता हाती आहे.

सागाला मर्यादा आहे ती वयाची. पाचशे वर्षांपलीकडे जायचे तर गुहा लागतात, आणि इथे महाराष्ट्राच्या नशिबी मोठी उणीव आहे. कार्ले, भाजे, अजिंठा, वेरूळ अशा लेण्यांनी सह्याद्री आणि दख्खन कोरून काढले आहेत, पण ही सारी बसाल्टात माणसाने खोदलेली. पाण्याने विरघळून घडलेली गुहा चुनखडीत होते. तिच्या छतातून थेंब ठिबकतो, थेंबातला चुना जमिनीवर थरावर थर साचतो आणि खालून वर वाढणारा खांब उभा राहतो. लाव्हाच्या थरांत हे घडत नाही. त्यामुळे आपल्या पावसाचा हजार वर्षांचा इतिहास वाचायला बस्तरमधल्या कांगेर खोऱ्यातल्या दंडक गुहेत जावे लागते.

तिथल्या खांबातून पाऊस कसा वाचतात? पाण्यातला ऑक्सिजन दोन मुख्य वजनांचा असतो, हलका आणि जड. ढगातून पाणी पडू लागले की जड ऑक्सिजनचे रेणू आधी गळतात, मागे राहिलेली वाफ हलकी होत जाते. मान्सून जोरदार असेल, वाटेत भरपूर बरसत आला असेल, तर शेवटी पडणाऱ्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी भरतो. तेच पाणी जमिनीत मुरते, गुहेत ठिबकते, आणि त्याचे प्रमाण चुन्याच्या थरात कायमचे अडकते. थर खरवडून त्याची पूड यंत्रात तपासली की त्या काळच्या मान्सूनची ताकद कळते. मात्र एक अट लक्षात ठेवायची. ढग नेहमीपेक्षा लांबून आले, वेगळ्या समुद्राची वाफ घेऊन आले, तरी हे प्रमाण बदलते. खांब ‘मान्सून बदलला’ एवढे नक्की सांगतो. ‘पाऊस इतके मिलिमीटर कमी पडला’ असे त्याच्या तोंडी घालणे धाडसाचे.

आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दंडक गुहेतून इ. स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांची नोंद मांडली. तिच्यात चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या मध्यावर वर्षानुवर्षे रेंगाळलेले दुबळे मान्सून दिसतात. मराठी वाचकाला या काळाचे वेगळे नाव ठाऊक आहे. १३९६ मध्ये सुरू झालेला आणि परंपरेने बारा वर्षांचा मानलेला दुर्गादेवीचा दुष्काळ याच सुमाराचा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे लोकांना खुली केली ही कथाही बहामनी अमदानीतल्या दुष्काळाची. गावेच्या गावे उठली, जमिनी ओस पडल्या, ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. शेकडो मैलांवरच्या गुहेतला चुन्याचा थर आणि दख्खनच्या लोकांची आठवण, एकमेकांना न विचारता एकाच काळाकडे बोट दाखवतात. अशी गाठ पडते तेव्हा दोन्हींचे वजन वाढते.

आठवणींबरोबर कागदही आहेत. जॉर्ज अॅडमसन आणि डेव्हिड नॅश यांनी १७८१ ते १८६० या काळातला पश्चिम भारताचा पाऊस खासगी रोजनिशा, मिशनऱ्यांची पत्रे, वर्तमानपत्रे आणि सरकारी कागद यांवरून उभा केला. त्यांची साधने मुख्यतः इंग्रजी. पुण्याच्या पुराभिलेखागारातले मोडी कागद सारामाफी, तगाई, धान्याचे भाव आणि बुडालेली पिके यांनी भरलेले आहेत. मोडी वाचणारा आणि आकडेशास्त्र जाणणारा एकत्र बसले, तर या कामाला मराठी अंग लाभेल.

बसाल्टाच्या प्रदेशात मोठी जुनी तळीही नाहीत. अपवाद लोणारचा, आणि तो अपवाद आकाशातून आला. बुलढाणा जिल्ह्यातले हे सरोवर उल्कापाताच्या खड्ड्यात साठले आहे. त्यातून बाहेर जाणारी नदी नाही. पाणी आत येते आणि वाफ होऊनच जाते. म्हणून पाऊस कमी झाला की पाणी घटते, खारटपणा वाढतो, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे पाण्यातून गेलुसाइट नावाचे खनिज स्फटिकरूपाने बाहेर पडते. २००८ मध्ये सरोवराच्या तळातून नळी घालून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा दांडा काढला गेला. संशोधक त्याला सरळ कोअर म्हणतात. जर्मनीतल्या पोट्सडॅमची भूविज्ञान संस्था आणि आपल्या पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था यांचा या कामात सहभाग होता. २०१४ मध्ये सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. गेल्या अकरा हजार वर्षांच्या गाळात गेलुसाइटचे स्फटिक दोन टप्प्यांत सापडले: आजपासून साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी, आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी. हे दोन दीर्घ कोरडे काळ.

पहिला टप्पा जगाच्या चर्चेतला आहे. मेघालयातल्या मॉमलूह गुहेच्या खांबात ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून अचानक क्षीण झाल्याची खूण आहे, आणि तिच्यावरून भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये चालू कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिले. दुसरा टप्पा आपल्याला कोड्यात टाकतो. दोन हजार ते सहाशे वर्षांपूर्वी म्हणजे इसवी सनाच्या आरंभापासून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. याच काळात सातवाहन झाले, वाकाटकांनी अजिंठ्याची लेणी कोरवली, देवगिरीला यादव नांदले, खुद्द लोणारच्या काठी मंदिरे उभी राहिली. आणि दुर्गादेवीचा भयंकर दुष्काळ पडला तो लोणारचा कोरडा टप्पा संपल्यावर. मग खरे कोण, गुहा की तळे?

दोघेही. लोणारचा गाळ शतकांच्या मापाने बोलतो. दहा-बारा वर्षांचा दुष्काळ त्याच्या थरात ओळखूही न येण्याइतका पुसट होतो. दंडकचा खांब जवळजवळ वर्षाच्या मापाने बोलतो. आणि शतकानुशतके थोडा कमी पाऊस असलेल्या काळात लोक विहिरी, तलाव, कोरडवाहू पिके यांच्या आधाराने चांगले जगू शकतात. एरवी बऱ्या काळात लागोपाठ पाच-सात वर्षे पाऊस बुडाला तर तेच लोक देशोधडीला लागतात. हवामानाचा इतिहास आणि माणसांचा इतिहास यांच्यात सरळ रेघ ओढणाऱ्याने लोणार आणि अजिंठा शेजारी ठेवून पाहावेत.

ही सावधगिरी महाराष्ट्रातल्या एका गाजलेल्या वादातही उपयोगी पडते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकळिया आणि म. के. ढवळीकर या कामातली मोठी नावे. इ. स. पूर्व १००० नंतर तिथली चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार आणि पशुपालन वाढले, आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास वस्ती मोडली. ढवळीकरांनी याचे कारण वाढता कोरडेपणा हे दिले. मांडणी नेटकी आहे आणि अनेकांना पटली. परंतु लोणारचे दोन्ही कोरडे टप्पे या काळाच्या आधीचे किंवा नंतरचे आहेत. यावरून ढवळीकर चुकले असे ठरत नाही; घोड नदीच्या खोऱ्यातला दोन-तीन पिढ्यांचा दुष्काळ लोणारला कळणार नाही. ठरते इतकेच, की वस्ती मोडल्यावरून दुष्काळ गृहीत धरायचा आणि दुष्काळावरून वस्ती मोडल्याचे समजावायचे, असे गोल फिरणे टाळायला स्वतंत्र पुरावा लागतो.

आता समुद्राकडे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या राजीव निगम आणि सहकाऱ्यांनी कारवारच्या किनाऱ्याजवळच्या गाळात फोरामिनिफेरा तपासले. वाळूच्या कणाएवढे हे एकपेशीय जीव स्वतःभोवती चुन्याचे कवच बांधतात. नदीतून गोडे पाणी किती आले, म्हणजे पाऊस किती झाला, यावर तिथे कोणत्या घडणीची कवचे जास्त होतील हे अवलंबून असते. त्या बदलांवरून १९९५ मध्ये त्यांनी दुष्काळांच्या सुमारे ७७ वर्षांच्या आवर्तनाची कल्पना मांडली आणि सूर्याच्या दीर्घ चक्राशी तिचा संबंध सुचवला. मान्सूनमागे सूर्याचा हात किती, हा प्रश्न अजून वादाचा आहे. पण एका कवचापासून सूर्यापर्यंत जाणारी ही वाट वाचकाने एकदा चालून पाहावी अशी आहे.

समुद्राच्या पातळीचा पुरावा तर मुंबईत अवचित मिळाला. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चालले असताना भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली, चिखलात गाडलेली खैराची शेकडो झाडे सापडली. त्यातली कितीतरी मुळांवर उभी होती, म्हणजे वाहून आलेली नव्हती. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. तेव्हा ती जमीन एके काळी भरतीच्या वर होती, याबद्दल शंका नाही. पुढच्या पायरीवर मात्र मते फुटतात: समुद्र वर आला की जमीन खाली गेली? शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, जगभर समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता आणि कोकणचा किनारा आजच्या क्षितिजाच्या कितीतरी पलीकडे. नंतर तो चढत आला. पण किनाऱ्याची जमीनही जागची हलू शकते. साक्षीदार इतका ठळक असूनही अर्थ एकच निघत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या परिसरात नाही.

या सगळ्यांत वयाचा प्रश्न सामाईक आहे. थर काय सांगतो हे कळून तो केव्हाचा हे कळले नाही, तर हाती काहीच लागत नाही. लाकूड, पान, शिंपला यांसाठी कार्बन १४ ची पद्धत आहे. विलर्ड लिबी यांनी ती १९४० च्या दशकात शोधली. ५,७३० वर्षांत हा कार्बन निम्मा होतो आणि सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याजोगा उरत नाही. भारतात हे काम रुजवणाऱ्यांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. तिथली प्रयोगशाळा पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेली. गुहेतल्या खांबासाठी युरेनियम आणि थोरियम. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम विरघळत नाही, म्हणून ताज्या थरात थोरियम जवळपास नसतेच. जितके सापडेल तितके युरेनियमपासून नंतर तयार झालेले. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या गाळासाठी शिसे २१०, आणि १९६३ च्या आसपासच्या थरासाठी अणुचाचण्यांतून जगभर पसरलेले सीझियम १३७. पद्धती पक्क्या असूनही गफलत होते. जुन्नर भागात कुकडीकाठच्या बोरी इथे ज्वालामुखीची राख सापडली आहे. तिचे वय कोणी १४ लाख वर्षे काढले, कोणी पावणेसात लाखांच्या घरात, तर रासायनिक घडणीवरून काहींनी ती सुमात्रातल्या तोबाच्या ७४-७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची ठरवली. पुस्तकात एक अख्खे प्रकरण कालमापनाला दिले आहे, आणि घाई असेल त्यानेही ते ओलांडू नये.

आता पुन्हा पेण तालुक्याच्या खाजणांकडे येऊ. पाताळगंगा आणि अंबा या दोन्ही नद्या धरमतरच्या खाडीला मिळतात. त्यांनी आणलेला गाळ तिवर, कांदळ, चिपी यांच्या मुळांत अडकून थरावर थर साचतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या रुता लिमये आणि के. पी. एन. कुमारन यांनी कोकण किनाऱ्यावरच्या अशाच गाळातल्या परागकणांवरून गेल्या काही हजार वर्षांत मान्सूनच्या चढउतारांबरोबर खारफुटी कशी बदलली हे २०१२ मध्ये मांडले. म्हणजे वाट पडलेली आहे. पेणसारख्या ठिकाणी त्या वाटेवर कोणत्या अडचणी येतात, ते शेवटच्या प्रकरणात तपशिलाने येईल; इथे थोडक्यात.

पहिली अडचण परागकणांचीच. कांदळाचा पराग वाऱ्यावर जातो, म्हणून तो मुबलक तयार होतो. तिवराचा कीटकांमार्फत जातो, म्हणून कमी. गाळात कांदळ भरपूर आणि तिवर थोडे दिसले, तर काठावरही तसेच होते असे मानता येत नाही. दुसरी अडचण खाडीतल्या रहिवाशांची. निवटे आणि चिंबोऱ्या बिळे करतात, खालचा चिखल वर आणि वरचा खाली करतात. काही वेळा शंभर वर्षांचे थर एकमेकांत कालवले जातात. तिसरी, जुना कार्बन. डोंगरातून धुऊन आलेली जुनी माती आणि समुद्रातला शिंपला दोन्ही आपले वय प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगतात; समुद्री शिंपल्याचा हा फरक काही शतकांचा असतो. म्हणून सरसकट चिखलाऐवजी त्यातले एखादे पान निवडून त्याचे वय काढणे बरे.

चौथी अडचण माणसाची, आणि मला ती सर्वांत रंजक वाटते. या खाडीकाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवले, उघाड्या बसवून पावसाचे पाणी बाहेर सोडले आणि खाऱ्या जमिनीत भात पिकवले. बांध घातला त्या दिवशी आतल्या बाजूला भरतीचा गाळ येणे थांबले. थरात अचानक खारफुटीचा पराग संपून भाताचा सुरू झाला, तर तो हवामानाचा बदल समजायचा की बांधाचा? उलट, बांधाला खांड पडून शेत पुन्हा खारे झाले, तर तो समुद्र चढल्याचा पुरावा नव्हे. इथे प्रयोगशाळा पुरत नाही. कोणता बांध कधीचा, कुठे खांड गेली, उघाडी कधी बदलली, हे गावातल्या जुन्या शेतकऱ्यांना आणि जमिनीच्या कागदांना विचारावे लागते. जुलै १९८९ मध्ये अंबेला आलेल्या पुराने जांभूळपाडा आणि नागोठण्यात हाहाकार केला. ज्याची तारीख माहीत आहे असा पूर गाळात कसा दिसतो हे आधी शिकले, तर तारीख माहीत नसलेले पूर ओळखता येतील.

एवढा खटाटोप कशासाठी, याचेही उत्तर द्यायला हवे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांतला कार्बन डायऑक्साइड मोजला गेला आहे. तो दर दहा लाख भागांत साधारण १८० ते ३०० या मर्यादेत हलत राहिला. आज तो ४२० च्या वर आहे. असे बर्फाचे दांडे शीतगृहात ठेवून तपासणारी भारतीय प्रयोगशाळा गोव्यात वास्कोला, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात आहे. ‘हवामान पूर्वीही बदलतच होते’ असे म्हणून आजच्या तापमानवाढीकडे पाठ फिरवणारे लोक भेटतात. त्यांचे पहिले वाक्य खरे आहे, आणि ते आपल्याला कळले याच शास्त्रामुळे. पण याच पुराव्यांनी हेही दाखवले की पूर्वीच्या प्रत्येक बदलाला शोधता येणारे कारण होते, आणि कारण लहान असतानाही मान्सून दशकानुदशके ढळला. इतक्या हळव्या व्यवस्थेला आपण आता मोठा धक्का देत आहोत, हा त्यातून निघणारा अर्थ दिलासा देणारा नाही.

पुस्तकाची मांडणी साधी आहे: झाड, गुहा, तळे, समुद्र, बर्फ, कालमापन, आणि शेवटी कोकणची खाडी. गणित कुठेही शाळेच्या पलीकडचे नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या पुराव्याला काय कळत नाही याची यादी दिली आहे. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये ही विनंती. ‘हजार वर्षांतला सर्वांत मोठा दुष्काळ’ अशी बातमी उद्या वाचाल तेव्हा ती कोणत्या साक्षीदाराच्या जोरावर दिली, त्याला एक वर्ष दिसते की एक शतक, आणि त्याचे वय कसे काढले, इतके विचारण्याची सवय लागली तरी या लेखनाचे सार्थक झाले.

एक गोष्ट मात्र वाचून भागणारी नाही. साग तोडला तर दुसऱ्या जंगलात साग मिळेल, दंडकचे खांब राष्ट्रीय उद्यानात आहेत, लोणारला संरक्षण आहे. खाडीच्या गाळाला राखणदार नाही. रायगडच्या खाडीकाठी रस्ते, गोदामे आणि वसाहतींसाठी मुरुमाचा भराव पडतो आहे, आणि भरावाखाली गेलेला, यंत्रांनी चेपलेला गाळ पुन्हा थराथराने वाचता येत नाही. भराव घालण्यापूर्वी त्या जागी दोन-चार कोअर काढून ठेवणे हे एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ काम आहे. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात झाडांची आणि पक्ष्यांची यादी असते. तिच्या शेजारी गाळाचाही एक रकाना असावा. पेण, अलिबाग, रोहा भागातल्या महाविद्यालयांनी आणि पंचायतींनी ही मागणी लावून धरली, तर हमरापूरच्या मूर्तिकारांनी नाकारलेल्या चिखलाची पाने पुढच्या पिढीला वाचायला शिल्लक राहतील.